विहिरीनंतरचे दात

८ डिसेंबर २०२४, रविवार

"करून टाकू का आई तुझे?" — पुनम इतकं सहज म्हणाली, जसं काही घरची पितळी भांडी कल्हईला टाकायची आहेत!

चंद्रपूरला नुसती डबा द्यायला गेले होते. तिच्या दवाखान्याला आठ महिने झाले, तरी आत शिरण्याआधी मी अजून रस्त्यावर थांबून पाटी पूर्ण वाचते. नाव, पदवी, नोंदणी क्रमांक — सगळं. समोरचा पानठेलेवाला आता ओळखतो. आज म्हणाला, मॅडम, पाठ नाही झाली काय अजून?

तोंड मिटून हसले. नेहमीसारखी.

दुपारी पेशंट नव्हते. तिनं मला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला. माझीच मुलगी, पण आवाज वेगळा. 'आ करा' म्हणाली — आईला अहोजाहो! मग दोघीही हसलो. हसताना माझा हात तोंडावर गेला. तिनं तो मनगटाला धरून खाली ठेवला. थोड्या वेळानं मग वरचं वाक्य.

व्हेनिअर म्हणजे चिनीमातीची टिकली. नखाएवढी पातळ. दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायची. वरचे समोरचे सहा झाकले की झालं. खालचे माझे त्या मानानं बरे आहेत, आणि ओठाआडच असतात.

म्हटलं, आता साठाव्या वर्षी?

म्हणाली, साठ मार्चला होशील. आहेत अजून तीन महिने.

१० डिसेंबर

यांना सांगितलं. हे अंगणात खाटेवर बसून लाखोरीची भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "कर न वं. मले काय विचारून राह्यली? दात तुये, पोरगी तुयी. पानी तेवढं तुया बापाचं होतं."

वनखात्यात वनपाल होते हे. उभा जन्म जंगलात गेला, बोलणंही तसंच — वाट सोडून सरळ झाडीतून.

पण बोलले ते खरं.

१२ डिसेंबर

दार लावून आरशासमोर दहा मिनिटं. दात घासताना मी खिडकीबाहेर पाहते, हे आज लक्षात आलं. किती वर्षांची सवय!

तपकिरी. त्यात खडूसारखे पांढरे आडवे पट्टे. मधल्या दोन दातांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खळगे. पण मजबूत हं! साठीला आले, एक पडला नाही, एक किडला नाही.

लोकांना वाटतं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते. माहेर-सासरच्या दोन्ही जिल्ह्यांत तपकिरी दात म्हणजे खर्रा, दुसरा विचारच नाही. चामोर्शीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले त्या वर्षी एका पालकानं हेडमास्तरांकडे तक्रार केली होती, नव्या मॅडमनी आधी स्वतःचा खर्रा सोडावा. तेव्हापासून वर्गात दात दाखवले नाहीत. पोरं मला 'कुलूप मॅडम' म्हणत. तीस वर्षं माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची! शिस्त, शिस्त म्हणून निरोपसमारंभात चार भाषणं झाली. शिस्त कसली. दात लपवत होते.

१५ डिसेंबर, रविवार

पुनमला विचारलं, माझे दात असे का. मला ठाऊक आहे, पण तिच्या तोंडून ऐकायला आवडतं. किती नीट सांगते!

पाण्यातलं फ्लोराइड. दात हिरडीच्या आत घडत असतात, त्या वर्षांत प्यायलेलं पाणी. मोठेपणी प्यायलं तर दातांना काही होत नाही. आणि एकदा घडलेला दात बदलत नाही.

म्हणजे माझ्या हसण्याचा निकाल मी पहिलीत जाण्याआधीच लागला होता.

सगळं एकदा लिहून ठेवते. माझं माहेर कोरपन्यापलीकडचं खेडं. पूर्वी तिथले लोक नाल्याचं पाणी पीत. एका पावसाळ्यात हगवणीची साथ आली आणि आठ दिवसांत माझे दोन भाऊ गेले. श्रीहरी नऊ वर्षांचा, धनराज सात. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. बाबा, म्हणजे बापूराव, सरपंच होते. त्यांनी सुरुंग लावून खडक फोडला, साठ फूट विहीर खणली. ज्या महिन्यात विहिरीला पाणी लागलं त्याच महिन्यात मी झाले. तीन वाड्यांच्या बाया तिथे पाण्याला येत. त्यानंतर आमच्या गावात हगवणीनं एक पोर गेलं नाही. एक नाही!

फक्त आमचे दात तपकिरी झाले. का, ते पुढे तीस वर्षं कुणाला कळलं नाही.

गावाला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट सोय झाली! जन्मतारखा कुणाजवळ होत्या? बैलाचं वय दातावरून काढतात, तसं आमच्याकडे माणसाचं काढू लागले. पांढरे दात, म्हणजे विहिरीच्या आधीचा. तपकिरी, म्हणजे विहिरीनंतरचा. दोघांत मोठा कोण असा वाद झाला की म्हातारे म्हणत, दात दाखव. लग्नात पहिली पंगत विहिरीआधीच्यांची, आणि बसायचं तर ते वर, नंतरचे खाली. निराधार योजनेच्या पगारासाठी वय लिहायचं होतं तेव्हा इस्तारीकाकांनी तलाठ्यासमोर तोंड उघडलं होतं — घ्या लिहून!

२२ डिसेंबर, रविवार

पुनमनं मला नागपूरला तिच्या जुन्या मॅडमकडे पाठवलं. म्हणाली, मी तुझी मुलगी आहे, माझा जीव तुला पांढरं करण्यात अडकलाय. ज्याचा अडकलेला नाही त्याला विचारून ये.

एसटीत सारा रस्ता हे वाक्य मनात घोळवत आले. अशी मुलगी झाली मला!

मॅडमनी समजावलं. दात किंचित घासावे लागतील, अर्धा मिलिमीटर. थोडंसंच, पण गेलेलं परत येत नाही. टिकली दहा-पंधरा वर्षं चालते, मग बदलावी लागते, कायमचं असं काही नाही. तुकडा उडू शकतो. अशा दातांवर चिकटायलाही ती थोडी आढेवेढे घेते. सुपारी फोडायची नाही, ऊस सोलायचा नाही. नुसते पांढरे करायची औषधं आहेत, वरवर घासूनही बघता येतं, पण माझे डाग खोल आहेत, तेवढ्यानं निघणार नाहीत. हिरड्या चांगल्या आहेत. करायचं तर करता येईल.

शेवटी विचारलं, तुम्हाला स्वतःला हवंय का?

म्हटलं, विचार करते.

खरं उत्तर इथे लिहिते. हवंय. फार हवंय.

२५ डिसेंबर

नाताळ. रेडिओवर कॅरोल लागली आणि मी आठवीत जाऊन बसले.

चंद्रपूरचं कॉन्व्हेंट, तिथलंच वसतिगृह. बाबांनी मला बैलांच्या खाचरातून बसपर्यंत आणलं, पुढे बसनं. पोरीला इंग्रजी शिकवून काय करणार, असं गाव विचारत होतं. बाबा म्हणाले, ती करन ते पाहू.

सिस्टर क्लेमेन्शियांनी पहिल्याच आठवड्यात माझी पेटी उपसली. गुडाखू, दातांना घासायचा तंबाखू, शोधत होत्या. घासतेस का? कुठे लपवलाय? महिनाभर मला कोळशाच्या पुडीनं दात घासायला लावले, समोर उभ्या राहून. हिरड्या सोलल्या, दात तसेच. मग त्यांनाही वाईट वाटलं असावं. एक दिवस खिशातून दोन श्रीखंडाच्या गोळ्या काढून दिल्या.

माझा आवाज चांगला होता. कॅरोलमध्ये एकटीची ओळ मला मिळाली. बिशप यायचे होते, फोटो निघायचा होता. सिस्टर म्हणाल्या, मोना (मनकर्णा त्यांच्या जिभेवर बसत नसे), तू मागच्या रांगेत उभी राहून गा. ओळ माझीच, पण पुढे उभी राहून ओठ हलवले दुसऱ्या मुलीनं.

राग नाही. त्याच सिस्टरनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं, उभं कसं राहायचं ते शिकवलं. त्यांच्यामुळे मी मॅडम झाले. पण तोंडावर हात तेव्हा आला, तो गेलाच नाही.

३ जानेवारी २०२५

कालपासून एक प्रसंग डोक्यातून जात नाही. तोही लिहिते.

पुनम दोन-तीन वर्षांची असेल. शहरातून माणसं आली, विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली. काही महिन्यांनी परत येऊन कठड्यावर लाल रंगानं फुली मारली. पिऊ नये. पोरांचे दात बिघडतात, पुढे म्हातारपणी हाडं.

मी माहेरी गेले होते. बाबा ओसरीवर बसले होते. मला म्हणाले, तोंड उघड. मी उघडलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, मिट.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कचेरीच्या वाऱ्या सुरू केल्या. बहात्तर वर्षांचे होते. हातात धोतराची पिशवी, पिशवीत अर्ज. पाच वर्षांनी नळ आला. नळ आला त्याच दिवशी त्यांनी लोहाराकडून झाकण करून आणलं आणि स्वतः विहिरीवर बसवलं. लोक म्हणत होते, भाऊ, पोरं करतील, तुम्ही बसा. बाबा म्हणाले, "मीच उघडली होती. मीच झाकतो."

असा माणूस! आजही लिहिताना छाती भरून येते.

पण ते 'मिट' म्हणाल्यापासून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मी हसले की दुसरीकडे बघत. म्हणून मग त्यांच्यासमोर हसणंच सोडलं. मी म्हणायला हवं होतं, बाबा, ह्या दातांची आम्ही सगळी पोरं जिवंत आहोत, मोजून घ्या. नाही म्हटलं. सुचलं तेव्हा ते नव्हते.

९ जानेवारी

आज ठरलं, नको. हे म्हणाले बरं. सायंकाळी पुन्हा आरसा पाहिला. उद्या विचार करते.

१० जानेवारी

पुनम म्हणते, न घासता आधी पाहता येतं. दातांवर तात्पुरता लेप चढवायचा, वाटलं तर चार दिवसांनी काढून टाकायचा. लुगडं अंगावर टाकून पाहतो तसं. संक्रांतीला मी माहेरी जाणारच आहे. लेप घालूनच जा म्हणते.

हे म्हणाले, "मंग तिळाचे लाडू मी खातो. तू नुसती गोड बोल."

१३ जानेवारी, सोमवार

बसवला लेप. दीड तास. पुनमनं आरसा हातात दिला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मी सुंदर दिसले.

एवढंच लिहिते. कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मी सुंदर दिसले.

परतताना पानठेलेवाल्यासमोर हसले — उघड. तो गोंधळला बिचारा!

१५ जानेवारी, बुधवार

काल माहेरी गेले. राजुऱ्यापासून पुढे सिमेंटच्या ट्रकांची धूळ, तोंडावर पदर घ्यावाच लागला. तोही सवयीनं घेतला का धुळीसाठी, कळलं नाही.

गावात कुणी बोट ठेवू शकेना. काहीतरी बदललंय म्हणत. केस रंगवले काय? चश्मा नवा काय? चुलतभावाचा मुलगा प्रवीण, त्याची बायको एवढंच म्हणाली, आत्याबाई, तुम्ही मोठ्या दिसून राह्यल्या. मला वाटलं गंमत करते.

वाण द्यायला गिरजाकाकूंकडे गेले. बाबांच्या धाकट्या भावाची बायको. नव्वदीच्या आत-बाहेर, मोतीबिंदू झालेला. अंगणात पाच-सहा बाया बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला, काही बोलणार तोच काकूंनी माझी हनुवटी धरली, अंगठ्यानं ओठ वर केला आणि चेहरा उजेडाकडे फिरवला. बैलाचं पाहतात तसं. आमच्याकडे म्हाताऱ्या असंच करतात, राग मानायचा नसतो.

"हे त विहिरीच्या आंधीची होय," काकू म्हणाल्या. "बस बाई, वरती बस. कोनाची वं तू?"

बाया हसायला लागल्या. मीही हसले. म्हटलं, बापूरावांची.

काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बापूरावले विहिरीच्या आंधी दोनच झाले. दोघंबी गेले."

बाया माझ्याकडे पाहू लागल्या.

प्रवीणची बायको त्यांच्या कानाशी ओरडली, आजी, मनकर्णाआत्या होय! काकूंनी तिचा हात झटकला. मनकर्णाले मी नाई ओळखत काय, म्हणाल्या. बाळंतपण मी केलं तिचं. तिचे दात असे नाईत. मले नको शिकवू.

मग पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या, डोळे बारीक करून, बराच वेळ. हळूच म्हणाल्या, "श्रीहरी हासे तवा असाच दिसे."

मी तिळगूळ त्यांच्या हातात दिला आणि उठले. बसमध्ये खिडकीशी बसून राहिले. राजुरा कधी आलं कळलं नाही.

श्रीहरीचा फोटो नाही आमच्याकडे. धनराजचाही नाही. तो कसा हसायचा हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं.

१६ जानेवारी

काढून टाकू? ठेवू?

पांढरे असले तर भाऊ दिसतो. तपकिरी असले तर बाबा. दात माझे, आणि त्यात मीच कुठे नाही!

यांना हे सांगितलं. म्हणाले, "तुले लहानपणापासून मागच्या रांगेत उभी केली. आता तूच मेलेल्यायले पुढं करून मागं जाऊन राह्यली. तुले काय पायजे ते सांग न."

तेहतीस वर्षांत या माणसानं मला असं एकदाही विचारलं नव्हतं. का विचारलं होतं, आणि मीच ऐकलं नाही?

१९ जानेवारी, रविवार

सांगितलं पुनमला. करायचे. पण पाच. डावा सुळा राहू द्यायचा, आहे तसा, तपकिरी.

तिला आधी कळलंच नाही. मग चढलीच! आई, हे असं नसतं. सहा म्हणजे सहा. हसलीस की पाच पांढरे आणि बाजूला एक तपकिरी, कसं दिसेल? लोक म्हणतील डॉक्टर विसरली. मी नवीन आहे इथे. रोज दोन जण येऊन विचारतात, मोठे डॉक्टर कुठे आहेत. माझं पहिलं मोठं काम तू. तुझा फोटो भिंतीवर लावणार होते मी.

शेवटचं वाक्य बोलताना रडायला आली. तीस वर्षांची डॉक्टर, पांढरा कोट घातलेली.

मी तिला समजावू शकले नाही. नुसतं म्हटलं, मला हसायचंय. पण गावात कुणी ओठ वर करून पाहिलं तर मी विहिरीनंतरची निघायला हवी.

तिनं लेप काढला. हात अगदी हलका होता, रागातसुद्धा.

२० जानेवारी

फोन नाही.

२१ जानेवारी

फोन नाही. मीही केला नाही. हे म्हणतात, दोघी बापूरावच्याच.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी सहाच्या गाडीनं पुनमच आली, दवाखाना बंद ठेवून! दारातच बॅग टेकवली आणि म्हणाली, आ कर.

अंगणात उजेडाला उभी करून डावा सुळा पाहिला. पुढून, बाजूनं, आतून. मग खाटेवर बसली. म्हणाली, दात चांगला आहे. हिरडीही चांगली आहे. न झाकल्यानं त्याला काही होणार नाही. "वैद्यकीय अडचण काहीच नाही आई. अडचण माझी होती."

मग चहा घेतला. यांनी लाडूंचा डबा पुढे केला.

थोड्या वेळानं म्हणाली, आजोबांच्या विहिरीचं तू मला दातांपुरतंच सांगितलंस, फ्लोराइडचं मी कॉलेजात शिकले. श्रीहरीमामा-धनराजमामांचं इतकं नीट कधी सांगितलं नाहीस. मग सांगितलं. सगळं. दुपार झाली.

जाताना दारातून वळून म्हणाली, कुणी विचारलं ना, की हा एक का राहिला, तर मी सांगेन तो आजोबांचा दात आहे.

ही माझी मुलगी. पाटीवर नुसती पदवी लिहिलीय. बाकीचं कुठे लिहिणार?

११ फेब्रुवारी

घासले. दुखलं नाही. आवाज मात्र नको वाटला. पाण्याच्या फवाऱ्यात बारीक पांढरी भुकटी जाताना दिसली. मनात म्हटलं, जा. साठ वर्षं सांभाळलं तुला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बसवले पाच. चिकटायला आढेवेढे घेतील म्हणून पुनमनं प्रत्येकाला दुप्पट वेळ दिला. चार तास! पाठ मोडली असेल तिची.

आरसा पाहिला. पाच पांढरे आणि कोपऱ्यात एक राखलेला. नीट हसले तरच दिसतो. आणि मी नीट हसते आहे.

घरी आले तर हे फाटकात उभे. पाहिलं, पुन्हा पाहिलं. म्हणाले, "इतके दिवस कुठी होती वं?"

भिंतीवर लावायचा तो फोटो पुनमनं घेतला. सहाही दात दिसतात. तिनं तो बाहेर, पेशंट बसतात तिथे लावला.

९ मार्च, रविवार

साठ झाले. प्रवीण आणि त्याची बायको गिरजाकाकूंना घेऊन आले, जीपमध्ये उशी टाकून. काकूंनी बसल्या बसल्या हनुवटी धरली, ओठ वर केला. अंगठा पाचांवरून फिरला, सुळ्यावर थांबला.

म्हणाल्या, "मनकर्णा होय. खाली बस."

मी खाली बसले. माझ्याच घरात, माझ्याच वाढदिवसाला. एवढं छान मला कधी वाटलं नव्हतं!

२७ मार्च

पुनमचा फोन. सुरेंद्र नावाचे एक गृहस्थ आले होते, सिमेंटच्या ट्रकवर ड्रायव्हर, पन्नाशीचे. मुलीच्या लग्नाआधी समोरचे सहा करायचे म्हणून. सगळं ठरलं, आज खुर्चीत बसले. बसल्यावर बाहेरच्या फोटोबद्दल विचारलं. तिनं सांगितलं, आजोबांचा दात. गावाचं नाव सांगितलं. तिनं यंत्र हातात घेतलं तेव्हा तिचा हात धरून म्हणाले —

"माहाबी एक राहू द्या, डॉक्टरबाई. माही माय त्याच विहिरीचं पानी दोन कोस डोक्यावर आने."